काळे आधी की कासार?

पायथन या संगणकाच्या भाषेत यादी क्रमाने लावायला एक शब्द पुरतो. ‘सॉर्टेड’ लिहायचं, कंसात यादी द्यायची, झालं. हिंजवडीत टेस्टिंगची नोकरी करताना हा शब्द रोज हाताखालून जातो. तरी या पावसाळ्यात मी बबल, सिलेक्शन, इन्सर्शन, मर्ज, क्विक, हीप हे यादी लावण्याचे सगळे अल्गोरिदम, म्हणजे पायरीपायरीने जाणाऱ्या रीती, पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिले आणि मराठी नावांच्या यादीवर चालवले. त्यातून जे हाती लागलं ते मांडते आहे, कारण मराठीत याद्या लावणाऱ्या कुणालाही ते आज ना उद्या लागेलच.

निमित्तं दोन होती. माझी भाची तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे. डेटा स्ट्रक्चरच्या प्रॅक्टिकलसाठी तिला सॉर्टिंग सी भाषेत लिहायचं होतं. अप्पा बळवंत चौकातून आणलेली कोरी जर्नल समोर ठेवून तिने विचारलं, “मावशी, सगळं तयार मिळत असताना हे हाताने लिहून घेतात तरी कशाला गं?” प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे ऐकीव उत्तराखेरीज काही नव्हतं.

दुसरं निमित्त पेठेतल्या आमच्या वाचनालयाचं. शनिवारी मी तिथे मदतीला जाते. सुमारे पाच हजार पुस्तकं आणि सभासदांची वही आम्ही काही जणांनी मिळून संगणकावर चढवली. यादी छापून ग्रंथपालबाईंच्या हातात दिली. त्यांनी पानावर बोट फिरवलं आणि एका जागी थांबल्या. “काळे कासारांच्या आधी कसे आले? आणि क्षीरसागर क मध्ये? अगं, ही यादी मी सभासदांना दाखवू कशी?” यादी त्याच एका शब्दाने लावलेली होती. संगणकाच्या मते ती बरोबर होती. बाईंच्या मते चूक होती, आणि वाचनालयात बाईंचं मत चालतं.

तेव्हा ठरवलं, आतून बघायचं. भाची सीमध्ये लिहील, मी पायथनमध्ये, आणि दोघींनी एकच यादी वापरायची.

सुरुवातीलाच एक नियम घालून घेतला. अल्गोरिदम कुठलाही असो, दोन नोंदींची तुलना त्याने स्वतः करायची नाही. त्यासाठी वेगळं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा. त्याला दोन नोंदी द्यायच्या, ते सांगणार पहिली आधी येते की नाही. पायथन ३ मध्ये फंक्शनला देवनागरी नाव चालतं, म्हणून मी त्याला ‘आधी’ हेच नाव दिलं. आत एक मोजणी ठेवली, किती वेळा विचारणा झाली याची. सेकंद मोजले नाहीत. लॅपटॉपवर दुसरं काही उघडं असलं की सेकंद बदलतात, विचारलेले प्रश्न बदलत नाहीत.

बबल आणि सिलेक्शन पटकन झाले. बबल शेजारच्या दोन नोंदी बघतो, उलट असतील तर अदलाबदल करतो, टोकाला जातो आणि परत सुरुवातीला येतो. पाच हजार नोंदी असतील तर १,२४,९७,५०० प्रश्न. सिलेक्शन उरलेल्यांतली सगळ्यांत पहिली नोंद शोधून पुढे ठेवतो. प्रश्न तेवढेच, मात्र अदलाबदल फार तर ४,९९९ वेळा. नोंद हलवणं महाग असेल तिथे त्याचा उपयोग आहे. या दोघांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं मला काही सापडलं नाही.

इन्सर्शन सॉर्टवर मात्र मी रेंगाळले, आणि त्याचं कारण ग्रंथपालबाई.

वाचनालयात अजून लाकडी खणांतली कार्डं आहेत. नवी पुस्तकं आली की बाई त्यांची कार्डं लिहितात आणि खणांत लावतात. एका शनिवारी मी शेजारी बसून त्यांचे हात बघत राहिले. आधी गठ्ठा टेबलावर घेऊन पहिल्या अक्षराप्रमाणे ढीग पाडले. अ इथे, क तिथे, प खिडकीशी. या वेळी त्या दोन कार्डांची तुलना करतच नव्हत्या, एकच अक्षर वाचून कार्ड त्याच्या ढिगात टाकत होत्या. मग एक ढीग डाव्या हातात घेतला. पहिलं कार्ड तसंच. दुसरं त्याच्या पुढे किंवा मागे. तिसरं आलं की उजवीकडून मागे सरकत जागा शोधायची, अंगठ्याने फट करायची आणि आत सारायचं. पाच-सात कार्डांचा ढीग बोलता बोलता लागायचा. शेवटी खण. तिथे मात्र त्या टोकापासून सरकत गेल्या नाहीत. खण मधोमध उघडला, कार्ड वाचलं, अलीकडे की पलीकडे ते ठरवलं, उरलेल्या निम्म्याचा पुन्हा मध्य. अशा तऱ्हेने पाच हजार कार्डांत नव्याची जागा शोधायला फार तर १३ प्रश्न लागतात.

पहिल्या टप्प्याला पुस्तकात बकेट किंवा रेडिक्स म्हणतात, दुसरा इन्सर्शन सॉर्ट, तिसरा बायनरी सर्च. पंच कार्डांच्या जमान्यातली सॉर्टर यंत्रंही एकेका रकान्यावरून कार्डं खणांत टाकायची. बाईंनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांना त्यांच्या आधीच्या ग्रंथपालांनी हातात गठ्ठा देऊन शिकवलं.

घरी येऊन इन्सर्शन सॉर्ट लिहिला. विस्कटलेल्या पाच हजार नावांवर त्याने सरासरीने जेवढे विचारायला हवेत तेवढे, म्हणजे साठ-बासष्ट लाख प्रश्न विचारले. बबलच्या निम्मे, तरी भरपूर. मग लावलेल्या यादीच्या शेवटी चाळीस नवी नावं जोडून दिली, म्हणजे वाचनालयात जसं रोज होतं तसं. प्रश्न लाखभरावर आले. मूळ यादी पुरती लागलेली असेल तर ४,९९९ प्रश्नांत तो ‘सगळं जागेवर आहे’ सांगून मोकळा होतो. अभ्यासक्रमात याला हळू अल्गोरिदमांच्या रांगेत बसवतात, ते मला पटत नाही. आपल्या रोजच्या याद्या बहुतेक वेळा जवळजवळ लागलेल्याच असतात. शेवटी काही नव्या नोंदी आणि मध्ये एखादी दुरुस्ती, एवढाच फरक. अशा यादीसाठी इन्सर्शनइतका सरळ आणि भरवशाचा दुसरा नाही.

मर्ज सॉर्ट गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडला. यादीचे दोन भाग करा, दोन्ही लावा, मग दोन्हींच्या तोंडाशी असलेल्या नोंदींतली जी आधी येते ती उचलत एक यादी करा. पाच हजारांना वाईटात वाईट वेळी ५६,८०९ प्रश्न. सव्वा कोटीच्या शेजारी हा आकडा लिहिला तेव्हा भाचीने जर्नलमध्ये दोन्हींखाली रेघा मारल्या. शिवाय दोन-दोन नोंदींची तुलना करूनच यादी लावायची असेल, तर वाईट वेळी ५४ हजारांहून थोडे जास्त प्रश्न कुठल्याही अल्गोरिदमला चुकत नाहीत. पाच हजार नोंदींचे शक्य क्रमच इतके आहेत, की त्यांतला एक वेगळा काढायला होय-नाहीची तेवढी उत्तरं लागतातच. म्हणजे १९४५ मधली ही रीत सीमेच्या अगदी जवळ पोचलेली आहे. बाईंचे ढीग या हिशेबात बसत नाहीत, कारण तिथे तुलना नाही, सरळ वाचन आहे.

मर्ज लिहिताना भाचीने विचारलं, “दोन्हीकडे सारखंच आलं तर कुठलं उचलायचं?” या प्रश्नासाठी तिला पूर्ण गुण द्यायला हवेत. आमच्या सभासदांत जोशी, कुलकर्णी, देशपांडे यांची मोठी रांग आहे. आधी यादी स्वतःच्या नावाने लावली, मग तीच आडनावाने लावली. आडनाव सारखं असेल तेव्हा डावीकडची नोंद आधी उचलली, तर आधी लागलेला नावांचा क्रम टिकतो. अनंत कुलकर्णी, मग मीरा कुलकर्णी, मग सुधीर कुलकर्णी. याला स्थिर सॉर्ट म्हणतात. आम्ही मुद्दाम उलट करून पाहिलं. ‘लहान किंवा समान’ होतं तिथे नुसतं ‘लहान’ ठेवलं, म्हणजे समान असताना उजवीकडची नोंद आधी. आडनावं तशीच लागली, नावं मात्र उलटी झाली, सुधीर वर आणि अनंत खाली. एका चिन्हाचा फरक. नुसत्या आकड्यांवर सॉर्ट चालवणाऱ्याला तो आयुष्यभर दिसणार नाही, कारण पाच आणि पाच यांत फरक नसतो. कुलकर्णी आणि कुलकर्णी यांत असतो.

क्विक सॉर्टची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण तिचा उगम शब्दकोशात आहे. टोनी होर १९५९ मध्ये मॉस्को विद्यापीठात शिकत होते आणि रशियनमधून इंग्रजीत यांत्रिक भाषांतराच्या कामाकडे त्यांचं लक्ष लागलं होतं. शब्दकोश चुंबकीय फितीवर. फीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, म्हणून वाक्यातले शब्द आधी अकारविल्हे लावून घ्यायचे, मग फीत एकदाच फिरवून सगळे अर्थ मिळवायचे. त्यासाठी त्यांनी ही रीत काढली. एक नोंद निवडा, तिच्या आधीच्या एका बाजूला, नंतरच्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंना हेच पुन्हा करा. १९६१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. म्हणजे जगातला बहुधा सगळ्यांत नावाजलेला सॉर्ट आमच्या वाचनालयासारख्याच गरजेपोटी जन्मला.

पण आमच्या यादीवर पाठ्यपुस्तकातला सोपा क्विक सॉर्ट टिकला नाही. त्यात निवडायची नोंद म्हणजे यादीतली पहिली. यादी आधीच लागलेली असली की पहिल्या नोंदीच्या अलीकडे कुणीच नाही, पलीकडे बाकीचे सगळे. एकेक नोंद कमी होत फंक्शन स्वतःलाच बोलावत खोल जातं, आणि पायथन साधारण हजार पायऱ्यांवर काम थांबवून ‘रिकर्शन एरर’ दाखवतो. इन्सर्शनला जी यादी सगळ्यांत सोपी, तीच याला सगळ्यांत जड. नोंद यादृच्छिक निवडली की हे संकट टळतं. नंतर फक्त आडनावांवर चालवला तेव्हा दुसरं समोर आलं. एकाच आडनावाच्या शेकडो नोंदी एका बाजूला साचत जातात आणि काम पुन्हा रेंगाळतं. त्यावर उपाय म्हणजे दोनऐवजी तीन भाग करणं, आधीचे, समान आणि नंतरचे. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी डच झेंड्याच्या तीन पट्ट्यांवरून जे कोडं मांडलं, त्याचंच हे उत्तर. सगळे जोशी एका फटक्यात मधल्या पट्ट्यात गेले आणि पुन्हा कुणी त्यांना हात लावला नाही.

हीप सॉर्ट विल्यम्स यांचा, १९६४ मधला. जागा शून्यापासून मोजल्या, तर एका नोंदीच्या हाताखालच्या दोन नोंदी तिच्या जागेच्या दुपटीत एक आणि दोन मिळवल्यावर सापडतात. वेगळी जागा लागत नाही, वाईट वेळीही तो कोलमडत नाही. पण स्थिर नाही, त्यामुळे कुलकर्णींचा क्रम मोडतो. आमच्या कामाचा नव्हता.

आता सगळे अल्गोरिदम तयार होते, सगळ्यांचं उत्तर एकसारखं येत होतं, आणि सगळ्यांच्या उत्तरात काळे कासारांच्या आधी होते.

इथे माझं लक्ष ‘आधी’ या फंक्शनकडे वळलं. तोवर त्याच्या आत एकच ओळ होती, पायथनला दोन शब्द देऊन कुठला लहान ते विचारणारी. पायथन अक्षरांचे युनिकोड क्रमांक बघतो. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक क्रमांक देणारं मानक. ल चा २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७, स चा २३६०, ह चा २३६१. त्याच्या दृष्टीने ळ हे ल च्या लगतचं घर. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो. म्हणून संगणकाची यादी काल, काळ, कावळा, काहूर अशी लागते आणि शाळेत शिकलेली काल, कावळा, काहूर, काळ अशी. ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, त्यामुळे पानाचं पहिलं अक्षर बघून हे कळतच नाही. ते शब्दाच्या पोटात दडलेलं असतं. काळे, गोळे, हळबे, माळी यांच्या रांगेत बोट फिरवल्याशिवाय दिसत नाही.

ळ तिथे का गेला, त्यालाही कारण आहे. युनिकोडमधली देवनागरी बेतली आहे ती इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून. इस्कीने भारतीय लिप्यांना एक समान चौकट दिली. त्यामुळे गुजराती ળ आणि तमिळ ள सुद्धा आपापल्या तक्त्यात नेमक्या त्याच जागी सापडतात. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यातच सुरू झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम तिच्या जिस्ट गटाने केलं. या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. सगळ्या लिप्या एका चौकटीत बसवल्या नसत्या तर आज आपण इतक्या सहज मराठी टाइप करत नसतो. क्रमांक ही अक्षराची ओळख आहे. वर्णक्रम ही त्या त्या भाषेची बाब आहे, आणि तो आपण सांगितल्याशिवाय संगणकाला कळणार नाही.

क्ष आणि ज्ञ यांचा प्रकार वेगळा. संगणकाला ही अक्षरं एकेक दिसतच नाहीत. क्ष म्हणजे क, हलंत, ष. ज्ञ म्हणजे ज, हलंत, ञ. म्हणून क्षीरसागर क मध्ये आणि ज्ञान ज मध्ये, ज्योतीच्याही आधी. मी आधी सरसकट नियम केला, क्ष जिथे दिसेल तिथे ह, ळ यांच्या नंतर धरायचा. बाईंनी तो खोडला. “क्षीरसागर शेवटी हवे, बरोबर. पण लक्ष्मी कुणी लहानच्या पुढे शोधेल का? लक मध्येच शोधणार. विज्ञान विज मध्ये.” त्यांच्या मते शब्दाच्या सुरुवातीला असेल तरच क्ष, ज्ञ यांचे वेगळे ढीग, पोटात असतील तर साधी जोडाक्षरं. मला आधी हे ओबडधोबड वाटलं. पण यादी शोधणाऱ्यासाठी असते, आणि शोधणारा माणूस कुठे बघतो हे बाईंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. नियम त्यांचाच ठेवला.

मग टायपिंगचे घोळ. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये नंतर आलं, २००८ मध्ये, त्याचा क्रमांक २४१८. म्हणून ॲ ने सुरू होणारं प्रत्येक पुस्तक ह च्याही मागे, यादीच्या शेपटाला. ज्यांनी अ टाइप करून त्यावर चंद्र दिला, त्यांचं पुस्तक मात्र अ मध्ये. कागदावर दोन्ही हुबेहूब. दोन्ही रूपं एक करून ॲ ला मी ए च्या नंतर बसवलं. कऱ्हाडकरांचं असंच. ऱ दोन रीतींनी लिहिता येतो, एका रीतीत र, हलंत आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह असतं. सगळे कऱ्हाडकर यादीत एकाखाली एक आलेच, पण नावांचा क्रम अ पासून ह पर्यंत जाऊन मध्येच पुन्हा अ पासून सुरू होत होता. संगणकाच्या लेखी ती दोन वेगवेगळी आडनावं होती. स्थिर सॉर्ट लिहिलेला असल्यामुळेच ही खूण आम्हाला ओळखता आली.

सगळ्यांत मोलाचं सापडलं ते अनुस्वारात. घरातला जुना शब्दकोश ‘अं’ पासून सुरू होतो, संगणकाचा क्रमही तसाच, अनुस्वार सगळ्या अक्षरांच्या आधी. म्हणून संत सकाळच्या आधी, आणि ते ठीकच होतं. पण जुन्या पुस्तकांच्या कार्डांवर गांव, नांव, पांच, कांहीं आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण त्याआधी छापलेल्या मुखपृष्ठावरून ते कसे जातील? त्यामुळे गांव एकीकडे आणि गाव दुसरीकडे. भाचीने तोडगा सुचवला. दोन्ही शब्दांत अनुस्वार असेल तर जशीच्या तशी तुलना करायची, एकातच असेल किंवा कुठेच नसेल तर अनुस्वार वगळून. ऐकायला अगदी शहाणपणाचा. आम्ही तो ‘आधी’ मध्ये घातला, आणि प्रथमच अल्गोरिदमांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. इन्सर्शन एक क्रम देई, मर्ज दुसरा. मूळ यादी उलटी करून दिली की दोघांचीही उत्तरं बदलत.

शोधत शोधत तीन शब्दांवर आलो: संप, सतरंजी, सदरा. संप आणि सतरंजी दोन्हींत अनुस्वार आहे, म्हणून जशीच्या तशी तुलना, आणि संप आधी. सतरंजी आणि सदरा यांत एकातच, म्हणून अनुस्वार वगळला, सतरजी सदराच्या आधी. सदरा आणि संप यांतही एकातच, पुन्हा वगळला, सदरा सपच्या आधी. संप सतरंजीच्या आधी, सतरंजी सदऱ्याच्या आधी आणि सदरा संपाच्या आधी. या तिघांना लावायचा क्रमच नाही. भाची बराच वेळ कागदावर तीन बाण काढून बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे मर्ज चुकला नाही, इन्सर्शनही चुकला नाही. आपणच त्यांना उलटसुलट उत्तरं दिली.”

तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. तयार सॉर्ट वापरला असता तर त्याने काहीतरी एक यादी काढून दिली असती, एरर नाही, इशारा नाही. अल्गोरिदम दर वेळी एवढंच विचारतो, या दोघांत आधी कोण. उत्तरांचा आपसात मेळ आहे असं तो गृहीत धरतो आणि बहुतेक जोड्यांना कधी विचारतच नाही. सव्वा कोटी जोड्यांपैकी पंचावन्न हजारांच्या आसपास विचारून मोकळा होतो, त्याचा वेग तिथूनच येतो. दोन-तीन अल्गोरिदम हाताशी असले आणि एकाच यादीवर त्यांची उत्तरं वेगळी आली, की समजावं, तुलनेत खोट आहे.

म्हणून दोन-दोन शब्दांची तुलना सोडून दिली. त्याऐवजी प्रत्येक शब्दाची एकदाच किल्ली बनवायची, म्हणजे त्या शब्दाच्या अक्षरांची वर्णक्रमातल्या आकड्यांत मांडलेली ओळ, आणि तुलना फक्त किल्ल्यांची. आकड्यांच्या ओळींमध्ये असा वेढा पडूच शकत नाही. किल्ली बनवताना आधी रूपं एक करायची, ॲ आणि ऱ. मग सुरुवातीचे क्ष, ज्ञ वेगळे काढायचे. अनुस्वार सगळ्यांत आधी, मग स्वर, मग व्यंजनं, ळ ह च्या नंतर, त्यापुढे मात्रा, शेवटी हलंत. मात्रा व्यंजनांनंतर ठेवल्या की कमल कामाच्या आधी येतं, हवं तसं. जुन्या अनुस्वारांसाठी बाईंनी एका वहीत शब्द लिहून दिले, गांव म्हणजे गाव, नांव म्हणजे नाव. किल्ली नव्या रूपावरून बनते, छापलं जातं ते मुखपृष्ठावरचं जुनं रूपच. ती वही हा या कामाचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे असं मी म्हणेन.

वाचनालयाची यादी आता पायथनच्या तयार सॉर्टनेच लागते, आमची किल्ली देऊन. तो टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेला टिमसॉर्ट. आत बघितलं तर सगळे ओळखीचे निघाले. यादीत आधीच लागलेले तुकडे तो हेरतो, फार लहान तुकडे इन्सर्शनने वाढवतो, जागा शोधायला मध्य बघत जातो, मग तुकडे मर्ज करतो, आणि स्थिर राहतो. जावा या दुसऱ्या भाषेनेही तो उचलला. २०१५ मध्ये संशोधकांनी जावातल्या टिमसॉर्टचा बिनचूकपणा गणिती रीतीने सिद्ध करायला घेतला तेव्हा त्यात एक दोष सापडला. जगभर चालणाऱ्या कोडमध्ये तो इतकी वर्षं राहून गेला होता, म्हणून आमच्या किल्लीवरही मी चाचण्या लिहिल्या. काल, कावळा, काहूर, काळ. संप, सतरंजी, सदरा. दोन्ही रीतींनी लिहिलेले कऱ्हाडकर. यादी सुलटी, उलटी, विस्कटलेली, कशीही द्या, उत्तर एकच यायला हवं.

भाचीने तीच चाचणीची फाइल सीमध्ये नेली. तिथे शब्दांची तुलना बाइटनुसार होते, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड क्रमांक बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या रीतीत, बाइटचा क्रम युनिकोड क्रमांकांसारखाच असल्याने तिच्याकडेही पहिल्याच धावेत काळे कासारांच्या आधी आले. किल्ली बनवायचं फंक्शन तिने सीमध्ये पुन्हा लिहिलं. सीच्या तयार क्यूसॉर्टमध्ये समान नोंदींचा क्रम टिकेल अशी हमी मानकात नाही, म्हणून तो न वापरता तिने जर्नलमधला स्वतःचा मर्ज सॉर्ट लावला, ‘लहान किंवा समान’ असलेला.